बाटलीतलं बाळ नव्हे

(एका गावात देवळापुढे, रात्रीच्या जेवणानंतर केलेलं भाषण)



बायका पलीकडे पायरीवर बसल्या आहेत. त्यांनी थोडं पुढं सरकावं. आजचा विषय त्यांच्या कामाचा आहे. पुरुषांच्या तर त्याहून जास्त कामाचा आहे. तेव्हा पुरुष मंडळींनी मध्येच तंबाखूच्या निमित्ताने उठून जाऊ नये, एवढी विनंती.

मागच्या खेपेला आम्ही इथे सर्पदंशावर बोललो. भाषण संपलं, सतरंजी गुंडाळली. तेव्हा एक म्हातारी आमच्या मागोमाग गाडीपर्यंत आली. इकडे तिकडे बघून तिने हळूच विचारलं, "लेकरांनो, ते बाटलीत पोर करत्यात म्हणं. ते पोर आपलंच कशावरून?"

आम्ही विचारलं, "आजी, कुणासाठी विचारता?"

मग सगळं बाहेर आलं. घरी सून आहे. लग्नाला सात वर्षं झाली. पाळणा हलला नाही. मुलाचं दुसरं लग्न करायचं घाटत होतं. मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. सुनेच्या माहेरी निरोप धाडायचा, तेवढाच बाकी होता. सून कुणाच्या बारशाला जात नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तरी दारातून परत येते. म्हातारी वाईट नव्हती. सांगताना तिचेही डोळे भरून आले.

त्या रात्री आम्ही तिला पुरतं उत्तर देऊ शकलो नाही. पण तिचा प्रश्न चांगला होता. असाच प्रश्न आम्हाला पाच-सहा गावांत विचारला गेला. म्हणून आज त्याच्यासाठीच आलो आहोत.

आम्ही म्हातारीला उलट एक प्रश्न केला. "सुनेच्या तपासण्या झाल्या?" झाल्या होत्या. तालुक्याला झाल्या, पुण्याला झाल्या. देवरशी झाला, अंगारा झाला, गंडे झाले. "आणि मुलाची तपासणी?" म्हातारी आमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्याला काय झालंय? पोतं पाठीवर टाकून माळा चढतो."

मंडळी, पोतं उचलणं वेगळं आणि बीज असणं वेगळं.

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. बाई म्हणजे जमीन, आणि बी पुरुषाचं. पीक आलं नाही की जमिनीला बोल लावायचा. ही समजूत साफ चूक आहे. बी एकट्या पुरुषाचं नसतं. अर्धं बी बाईचं असतं, अर्धं पुरुषाचं. दोन्ही एक झाली तरच गर्भ धरतो. बाईच्या पोटात, पिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. त्यांतून साधारण दर महिन्याला एक बीज सुटतं. पिशवीपासून दोन बारीक नळ्या निघतात. त्या दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या असतात. सुटलेलं बीज त्या नळीत येतं. तिथेच त्याला पुरुषाचा शुक्रजंतू भेटतो. तयार झालेला गर्भ नळीतून पिशवीत उतरतो आणि तिथे रुजतो.

आता यात कुठेही अडू शकतं. बीज वेळेवर सुटत नसेल. नळी बंद असेल. आपल्याकडे पोटातल्या क्षयामुळे पुष्कळ बायांच्या नळ्या बंद होतात. खोकला नाही, ताप नाही, तरी आत क्षय असू शकतो. पिशवीत गाठी असतील. वयही असतं. पस्तिशीनंतर बाईचं बीज झपाट्याने कमी होतं.

आणि पुरुषाकडेही अडतं. शुक्रजंतू कमी असतील, लुळे असतील, मुळीच नसतील. वयात आल्यावर गालगुंड होऊन ते अंडांवर उतरलं असेल. अंडांच्या शिरा फुगलेल्या असतील. तंबाखू आणि दारूही त्यात भर घालतात. हल्ली तालमीत काही पोरं अंग भरावं म्हणून सुया टोचून घेतात. त्या सुयांनी दंड फुगतात आणि बीज बसतं. हे आम्ही पोरांना मुद्दाम सांगतो.

मूल होत नाही अशी जी जोडपी दवाखान्यात येतात, त्यांतल्या निम्म्या जोडप्यांत तरी पुरुषाकडे काही ना काही उणं निघतं. कधी एकट्या पुरुषात, कधी दोघांतही. आणि पुरुषाची तपासणी किती सोपी! सुई नाही, कापाकापी नाही. दोन ते सात दिवस बायकोपासून दूर राहायचं आणि दवाखान्यात डबीत वीर्य द्यायचं. एका मिलिलिटरात साधारण दीड कोटी शुक्रजंतू असावेत असं डॉक्टर धरतात. कमी भरले म्हणजे सगळं संपलं असं नाही. उलट, नेमका इलाज कशावर करायचा हे कळतं. एवढ्या सोप्या तपासणीला पुरुष वर्षानुवर्षं जात नाहीत. तिकडे बायकोच्या पोटाला दुर्बिणी लागतात. याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

आणि दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर पहिली बायको नांदत असताना दुसरी करणं हा हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून गुन्हा आहे. शिवाय बीज पुरुषाचंच कमी असेल, तर दुसरी आणून काय होणार? आणखी एक पोर वांझ म्हणवून घेणार.

आता बाटलीकडे येऊ.

या बाळाला 'टेस्ट ट्यूब बेबी' असं नाव वर्तमानपत्रांनी पाडलं. टेस्ट ट्यूब म्हणजे काचेची नळी. नाव ऐकून लोकांना वाटलं, नऊ महिने पोर बरणीत वाढतं, लोणच्यासारखं. तसं काही नाही. नळीही नसते. असते ती एक लहानशी चपटी बशी. त्या बशीत गर्भ फार तर पाच-सहा दिवस असतो. उघड्या डोळ्यांना तो दिसतही नाही. मग तो आईच्या पिशवीत सोडतात. पुढचे महिने आईच्याच पोटात. डोहाळे तेच, कळा त्याच, दूध तेच. डॉक्टर या इलाजाला आय.व्ही.एफ. म्हणतात.

तुमच्यातल्या पुष्कळांच्या परड्यात भोपळ्याचा वेल आहे. त्याला नर फूल वेगळं येतं, मादी फूल वेगळं येतं. मादी फुलाखाली इवला भोपळा असतो. माश्या फिरकल्या नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. मग आपल्या आया-बाया काय करतात? सकाळी नर फूल तोडतात आणि मादी फुलावर हलकेच टेकवतात. भोपळा धरतो. तो भोपळा कुणी खोटा म्हणतं का? त्याची भाजी निराळी लागते का? डॉक्टर एवढंच करतो. माशीचं काम हाताने करतो. वेल तुमचा, फूल तुमचं.

इथे कुणीतरी म्हणेल, आमच्या गाईला रेतन करतात तेच हे. तसं नाही. गाईच्या रेतनासारखा इलाज माणसांतही आहे. त्यात पुरुषाचं बीज धुऊन बारीक नळीने पिशवीत सोडतात. तो सोपा आणि स्वस्त. पुष्कळांचं त्यावर भागतं. काहींना तर नुसत्या गोळ्यांनी गुण येतो. आय.व्ही.एफ. ही पुढची पायरी आहे. पहिल्याच दिवशी तिच्यावर चढवणारा दवाखाना असेल, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारून घ्यावं.

ही विद्या नवी नाही. पहिलं असं बाळ इंग्लंडात ओल्डहॅम गावी जन्मलं. तारीख २५ जुलै १९७८. मुलगी झाली, सुमारे २ किलो ६०० ग्रॅमची. तिचं नाव लुईझ ब्राउन. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. एडवर्ड्स नावाचे शास्त्रज्ञ, स्टेप्टो नावाचे डॉक्टर आणि जीन पर्डी नावाच्या परिचारिका, अशा तिघांनी वर्षानुवर्षं खपून हे साधलं. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळालं. बाकीचे दोघे तोवर हयात नव्हते. लुईझ पुढे मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. तीही कसल्या इलाजाशिवाय. तेव्हा अशी मुलं पुढे वांझ राहतात, हाही समज खोटा.

आपला देशही मागे नव्हता. लुईझनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कलकत्त्यात असंच एक बाळ जन्मलं. डॉक्टर सुभाष मुखर्जी यांनी थोड्याशा साधनांवर ते काम केलं. पण लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचं म्हणणं उडवून लावलं. त्यांची बदली डोळ्यांच्या दवाखान्यात केली. १९८१ साली त्या बिचाऱ्याने आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा यांच्या हातून बाळ जन्मलं. त्या कामात त्यांचे सोबती होते शास्त्रज्ञ आनंद कुमार. त्यांनी १९९७ साली मुखर्जींचे कागद वाचले. आणि स्वतःच जगाला सांगितलं, की पहिला मान आमचा नाही, मुखर्जींचा आहे. असा मोठेपणा आम्ही फार थोडा पाहिला आहे. आता जगात या इलाजाने जन्मलेली माणसं एक कोटीच्या वर आहेत.

बाईला काय सोसावं लागतं, तेही सांगू. लपवून उपयोग नाही. दहा-बारा दिवस रोज सुई. ती पोटाच्या कातड्यात टोचतात. तिने एकाऐवजी पुष्कळ बीजं पिकतात. मध्ये मध्ये सोनोग्राफी. बीजं पिकली की बाईला थोडा वेळ गुंगी देतात आणि खालच्या वाटेने सुईवाटे बीजं काढून घेतात. पोट चिरत नाहीत. त्याच दिवशी बाई घरी जाते. मग बशीत बीज आणि शुक्रजंतू एकत्र ठेवतात. शुक्रजंतू फारच दुबळे असतील तर एकच वेचून सुईने बीजात सोडतात. तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ मऊ नळीने पिशवीत ठेवतात. त्याला गुंगीही लागत नाही. दोन आठवड्यांनी रक्त तपासून कळतं, रुजला की नाही.

एका गावी एका बाईने विचारलं, "एवढी बीजं काढली तर माझी पाळी लवकर जाईल का?" प्रश्न शहाणपणाचा होता. पण तसं होत नाही. दर महिन्याला बरीच बीजं पिकायला लागतात. त्यांतलं एक पिकतं, बाकीची वाया जातात. सुया त्या वाया जाणाऱ्यांना वाचवतात. पुढच्या वर्षांच्या साठ्यातून काही काढत नाहीत.

गर्भ ठेवल्यावर बाईने पंधरा दिवस पाय वर करून झोपावं, असंही सांगतात. त्याची गरज नाही. हिंडून फिरून असावं. गर्भ गळून पडत नाही. तो काही खिशातला रुपया नाही. मात्र सुयांच्या दिवसांत किंवा त्यानंतर पोट टम्म फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. हा धोका थोड्या बायांना होतो, पण होतो. आणि एका वेळी दोन-तीन गर्भ ठेवले तर जुळं-तिळं होऊ शकतं. लोक खूश होतात, एका खर्चात दोन. पण जुळी पोरं दिवसांआधी आणि हलक्या वजनाची होतात. आईलाही जड जातं. डॉक्टर म्हणाले एकच ठेवू, तर त्यांना कंजूष समजू नये.

आता म्हातारीचा प्रश्न. ते पोर आपलंच कशावरून?

बीज तुमच्या सुनेचं आणि शुक्रजंतू तुमच्या मुलाचे, तर पोर त्यांचंच. रक्ताचं, वळणाचं, नाकाडोळ्यांचं. बशीवर जोडप्याचं नाव आणि नंबर घालतात. प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाने ते ताडून बघायचं असतं. जगात कुठे कुठे अदलाबदलीच्या चुका झाल्या आहेत, नाही असं नाही. त्या फार थोड्या. तरी आपण विचारावं, की तुमच्याकडे नावं कशी ताडतात? विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

कधी कधी आपलं बीज नसतंच. तेव्हा दुसऱ्याचं घेता येतं. पण दोघांची लेखी संमती असल्याशिवाय नाही. २०२१ साली याचा कायदा झाला, आणि २०२२ च्या जानेवारीपासून तो लागू आहे. या कायद्याने दवाखान्याची सरकारदरबारी नोंद असलीच पाहिजे. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. उरलेले गर्भ दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात. रेतनाच्या कांड्या थंड टाकीत ठेवतात, तसे. आणि जन्मलेलं मूल सर्व बाबतींत त्या जोडप्याचंच. सातबाऱ्यावर त्याचा हक्क इतर मुलांइतकाच. भावकीने उद्या कुरकुर केली तरी कायदा मुलाच्या बाजूने आहे.

संमतीच्या कागदावर अंगठा उठवू नका. आता तुम्ही वाचायला शिकला आहात. कागद घरी मागून घ्या, सावकाश वाचा. अडलं तर आमच्या वर्गात घेऊन या.

आणखी एक. पारावर काही जण म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर मुलगाच ठेवायला सांगू. हे होणार नाही. गर्भाचा मुलगा-मुलगी निवडायला कायद्याने बंदी आहे. असा शब्द देणारा डॉक्टर आणि मागणारा नवरा, दोघेही तुरुंगाचे धनी.

पैशाची गोष्ट सर्वांत अवघड. एका खेपेला लाखाच्या वर खर्च येतो, कुठे कुठे दोन लाखांच्याही वर. आणि हमी? पस्तिशीच्या आतल्या बाईला एका खेपेत बाळ होण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणजे तिघी गेल्या तर एकीची कूस उजवते, दोघी रित्या हाताने परततात. चाळिशी ओलांडल्यावर आशा फारच थोडी, स्वतःच्या बीजावर तर अगदीच थोडी. शहरात मोठमोठ्या पाट्या लागतात, त्यांवर गोंडस बाळं असतात. या तिघींपैकी दोघींचं चित्र कुणी लावत नाही.

आमच्या ओळखीचा एक शेतकरी आहे. त्याने पहिल्या खेपेला बैलजोडी विकली, दुसरीला रान गहाण टाकलं. तीनात एक हा हिशेब त्याला कुणी सांगितलाच नव्हता. "गुण येणारच" एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेचे पैसे मागायला तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्हाला कळलं. नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो, पहिली सुई टोचण्याआधी दोघांनी बसून ठरवावं. किती खेपा करायच्या, किती पैसे घालायचे, आणि कुठे थांबायचं. आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा इलाज स्वस्तात होतो. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात २०२३ साली तो मोफत सुरू झाला.

आमच्यातल्याही एका जोडप्याने दोन खेपा केल्या. दोन्ही फुकट गेल्या. दोघं थांबली. काही दिवस फार वाईट गेले, ते इथे सांगत नाही. मग त्यांनी कायद्याने मुलगी दत्तक घेतली. ती आता शाळेत जाते आणि आम्हा सगळ्यांना ओरडते. इलाज करावा की दत्तक घ्यावं की दोघांनीच राहावं, हे आम्ही कुणाला सांगत नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त घरच्या बाईला वांझोटी म्हणून ठरवू नये.

आता त्या म्हातारीच्या घरचं. तिने विचारायला परवानगी दिली आहे, नाव न घेता. मुलगा पहिल्यांदा आमच्यावर चिडला. मग एक दिवस मोटारसायकलवर एकटाच तालुक्याला जाऊन आला. शुक्रजंतू फार कमी निघाले. सुनेत काहीच दोष नव्हता. त्याने तो कागद आठ दिवस गादीखाली ठेवला, आणि नवव्या दिवशी आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नाही. तेव्हा सुनेने वाचून दाखवला. ती गेल्या वर्षी आपल्या वर्गात शिकली आहे.

बघून ठेवलेल्या मुलीकडे नकार गेला. पुढचा इलाज काय, ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांनी मुलाची तंबाखू बंद केली आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं आहे. नवं बीज तयार व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात.

येत्या मंगळवारी सकाळी सात वाजता आमची गाडी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाणार आहे. एक वर्ष एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, अशा जोडप्यांनी यावं. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच यावं. दोघांनी यायचं, एकट्या बाईला धाडायचं नाही. येणाऱ्या पुरुषांनी आजपासून मंगळवारपर्यंत पाळायचं ते मघाशी सांगितलंच आहे. जुने कागद असतील तर पिशवीत घालून आणावेत.

आता विचारा काय विचारायचं ते. मागे खांबाशी बसलेल्या काकांनी मघाशी हात वर केला होता. बोला काका.